गाय तळ्यावर गेली

स्टेलाननं न्हाणीघराच्या दाराला कान लावला. आत आईला अंघोळ घालणारी सेविका लेमलेम गात होती. गात कसली, कोकलत होती. गाय तळ्यावर गेली, शिंगात फूल अडकलं, असलं काहीतरी बाळबोध गाणं, तेही परक्या हेलातल्या स्वीडिशमध्ये. पाण्याचा आवाज सुरू झाला तसं गाणं आणखी चढलं. आईचा मात्र हूं नाही की चूं नाही.

गेले तीन आठवडे हेच चाललं होतं. स्टेलान रोज सकाळी आठला वृद्धाश्रमात यायचा, स्वच्छतेसाठी बुटांवर प्लॅस्टिकच्या निळ्या पिशव्या चढवायचा आणि आईच्या खोलीत पोचेपर्यंत न्हाणीघराचं दार लागलेलं असायचं. आत आई, ही बाई आणि हे गाणं. सत्त्याऐंशी वर्षांच्या आईची, गुनवोरची, आठवण पार पुसली गेली होती. पोटच्या मुलाला ती पोस्टमन समजायची. तिला कुणी चिमटे काढले, ओढलं, ढकललं, तर ती सांगणार कुणाला? मग तिथंच एवढा गोंगाट कशाला?

स्टेलाननं गोथेनबर्गच्या बंदरात एकतीस वर्षं कस्टमची नोकरी केली होती. माणूस गरजेपेक्षा जास्त हसून बोलायला लागला की त्याची डिकी उघडायची, हा त्याचा शिरस्ता. दहातल्या नऊ वेळा डिकीत काही सापडायचं नाही, पण हे तो कुणाला सांगत नसे.

आश्रमाच्या प्रमुख बाईंकडे तो जाऊन आला होता. त्यांनी कॉफी पाजली, दालचिनीचा पाव पुढे केला. म्हणाल्या, "अंघोळ घालताना, कपडे चढवताना आम्ही बोलत नाही, गातो. हात वर करा म्हटलं तर यांना ते कळत नाही, कुणी दरडावतंय असं वाटतं. गाणं मात्र कळतं."

"वा! फार छान," स्टेलान म्हणाला. पावाला त्यानं हात लावला नाही. घरी गेला आणि नगरपालिकेच्या नावे तक्रार लिहून काढली: या बाईला कामावरून काढा, नाहीतर आईला मी घेऊन जातो. घेऊन जातो म्हणजे कुठं, ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. तो कागद आज त्याच्या खिशात होता. पुरावा तेवढा हवा होता.

त्यानं दारावर थाप मारली. "दार उघड."

"जरा थांबा हो, केस धुतेय!"

"आत्ताच्या आत्ता उघड म्हणतो ना!"

गाणं थांबलं. दार उघडलं. लेमलेमचा ॲप्रन चिंब भिजला होता. आई प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती, खांद्यावर टॉवेल, डोक्यावर फेस. स्टेलाननं तिचे दंड पाहिले, मनगटं पाहिली, पाठ पाहिली. साधा ओरखडासुद्धा नव्हता. बरं वाटायला हवं होतं, पण त्याचा पारा आणखी चढला.

"आता न गाता घाल अंघोळ," तो म्हणाला. "माझ्यादेखत. बघू तरी काय होतं ते."

"नका हो असं करू. त्यांना भीती वाटते."

"कुणाची? तुझीच ना?"

लेमलेमचा चेहरा उतरला. तीन वर्षं ती इथं म्हाताऱ्यांची अंगं धूत होती, पण असं तिला कुणी बोललं नव्हतं. तिनं शॉवर उचलला आणि हळू आवाजात म्हणाली, "गुनवोर, आता डोक्यावर पाणी घालते हं." तिचा हात वर गेला.

तो वर गेलेला हात आईनं पाहिला मात्र, तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. खुर्चीतल्या खुर्चीत ती मुटकुळं करून बसली आणि किंचाळली, "नको! नको ना! चुकलं माझं!"

"आई, अगं नुसतं पाणी आहे ते!" स्टेलान पुढे झाला. त्या धिप्पाड पुरुषाला अंगावर येताना पाहून ती थरथर कापायला लागली. तो जागच्या जागी थिजला. असा आवाज त्यानं आयुष्यात ऐकला नव्हता. त्याच्याच्यानं तो ऐकवेना.

"गा!" तो लेमलेमवर ओरडला. मग रडवेला होऊन म्हणाला, "अगं बाई, गा ना काहीतरी!"

लेमलेम आईसमोर उकिडवी बसली. गाय पुन्हा तळ्याकडे निघाली. हळूहळू आईचे हात खाली आले. ओठ हलले, आणि ती स्वतःच गाऊ लागली, एकही शब्द न चुकता, खणखणीत.

आणि लेमलेमच्या तोंडून जे ओळखू आलं नव्हतं, ते आता स्टेलाननं ओळखलं. हे गाणं आईचंच होतं! लेमलेमनं ते तिच्याकडूनच उचललं असणार. तो पाच-सहा वर्षांचा असेल. रात्री आई-बाबांच्या खोलीचं दार लागलं की पलीकडून हे गाणं ऐकू यायचं आणि तो सुखानं झोपी जायचा. आमची आई भारी आनंदी, येता-जाता गात असायची, असं तो आजवर सगळ्यांना कौतुकानं सांगत आला होता. त्याचे डोळे भरून आले. खिशातला कागद त्यानं मुठीत चुरगळला.

"मला माफ कर, लेमलेम," तो म्हणाला.

तेवढ्यात आईनं ओल्या बोटांनी लेमलेमचं मनगट धरलं, तिला जवळ ओढलं आणि कानाशी कुजबुजली, "मोठ्यानं म्हण गं पोरी. हे मारायला लागले ना, की मोठ्यानं गायचं. पलीकडे माझा स्टेलान झोपलाय, त्याला ऐकू जाता कामा नये."