वळवलेली गाडी

"नुसतं 'हो' म्हणायचंय," मास्तर म्हणाले. "सुटकेच्या समितीच्या अध्यक्षबाई विचारतील, पश्चात्ताप झाला का. तू म्हणायचं, झाला. संध्याकाळी लेकीच्या घरी जेवायला."

"पण नाही झाला," ड्रायव्हर म्हणाला.

तुरुंगाच्या ग्रंथालयात दोघंच होते. मास्तरांनी बायबलच्या जुन्या करारातल्या संदेष्ट्यांचा हिब्रू वर्ग सुरू केला तेव्हा बाकं भरली होती. वर्गात चहा मिळतो अशी कुणीतरी आवई उठवली होती. चहा नाही म्हटल्यावर बाकं ओस पडली. उरला हा एक, बेकरीच्या गाडीवरचा ड्रायव्हर. धुक्यातल्या पहाटे पुलावर त्याने एका सायकलवाल्याला उडवलं, सायकलवाला मेला, असं कोर्टाने ठरवलं होतं. मी उडवलं नाही, हे त्याचं पालुपद मात्र अजून चालू होतं.

मास्तरांनी पुस्तक जवळ ओढलं. अक्षरांखालचे मोहरीएवढे ठिपके ते चष्म्याशिवाय वाचत.

"हे बघ. आपण पश्चात्ताप म्हणतो तिथे संदेष्टे बहुतेकदा 'शूव' म्हणतात. शूव म्हणजे परत फिरणं. मनात कळ येते, तिला 'नाहाम' हा वेगळा शब्द आहे. बाई विचारतील तेव्हा तू मनात शूव धर. घरी परत फिरायचंय ना? मग खोटंही बोलावं लागणार नाही."

"मास्तर, तुम्ही वकील व्हायचं होतंत."

"लेकीचा तरी विचार कर."

"काल आली होती. बाबा, माझ्यासाठी एक शब्द, म्हणाली. म्हटलं, तुझ्यासाठीच नाही म्हणतोय. जन्मभर खुन्याची पोर म्हणून मिरवशील?" तो पुढे वाकला. "परत फिरणं पायांनी करायचं असतं, असं तुम्हीच सांगितलंत ना?"

"हो."

"मग मी फिरलोय की. रस्त्यात पोतं पडलंय असं वाटून पुढे गेलो होतो. पोत्याला चप्पल कशी, असं मनात आलं आणि गाडी वळवली. त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. लोक जमले तेव्हा पुलावर एकच गाडी होती, माझी. परत फिरलो म्हणून तर इथे आहे."

मास्तरांनी पान उलटलं, मग पुन्हा मागे आणलं.

"चला, बोलावलंय," हवालदार दारातून म्हणाला. मास्तरांच्या पायांकडे बघून हसला. "आजही होडीने? बुटांना केवढा चिखल. बस पुलावरून थेट दारात येते की."

"बसमध्ये मळमळतं."

"आणि ती तुमची गाडी?"

"विकली. नजर अधू झाली."

बोळातून जाताना ड्रायव्हरने विचारलं, "संदेष्ट्याला काय म्हणतात म्हणालात?"

"नावी."

"न्हावी?" हवालदार म्हणाला.

"नावी. लोकांना वाटतं, भविष्य सांगणारा. खरं तर बोलायला उभा केलेला माणूस. ऐकणाऱ्याला नको असलं तरी बोलणारा."

"आणि त्याने सांगितलेलं अरिष्ट आलंच नाही तर?"

"तर लोक वेळेवर फिरले म्हणायचं. त्याचं काम झालं."

"बरा धंदा आहे," हवालदार म्हणाला. "खोटा ठरला तरी जिंकला."

ड्रायव्हर मास्तरांकडे वळला. "एवढं शिकलात, तुम्हाला नाही कधी कुणी बोलायला उभं केलं?"

"मी आपला शब्दांचे अर्थ सांगणारा," मास्तर म्हणाले.

समितीच्या खोलीत अध्यक्षबाईंना सर्दी झाली होती. नाक पुसत त्यांनी विचारलं, "केल्याचा पश्चात्ताप झालाय?"

बाजूच्या खुर्चीवरून मास्तरांनी ओठांनी 'हो' करून दाखवलं.

"त्याचं वाईट वाटतं," ड्रायव्हर म्हणाला. "त्याच्या बायकोचं तर फारच वाटतं. पण जे केलं नाही त्याचा पश्चात्ताप कसा होईल? आणि जे केलं त्याचा मी करणार नाही. उद्या कुणी तसाच पडलेला दिसला तर पुन्हा गाडी वळवीन."

"म्हणजे उरलेली सगळी वर्षं आत. कळतंय ना?"

"कळतंय."

मागच्या बाकावर त्याची लेक बसली होती. ती रडेल असं हवालदाराला वाटलं होतं. ती बापासारखीच ताठ बसून राहिली.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. मग नियमाप्रमाणे बाहेरच्या माणसाची शिफारस ऐकायची राहिलीय, हे आठवून ते पुन्हा काढलं.

"शिफारस करणारे कोण?"

मास्तर उठले. खुर्ची करकरली.

"बसूनच सांगा."

"नको. उभाच राहतो."

"बरं. या कैद्याशी तुमचा संबंध काय?" सगळ्यांना विचारायचा तो पहिला प्रश्न होता.

मास्तरांनी एकदा ड्रायव्हरकडे पाहिलं.

"त्या पहाटे पुलावरून याच्या आधी जी गाडी गेली," ते म्हणाले, "ती मी चालवत होतो."