माननीय किशनराव यांच्या प्रेरणेने

दुधाचं फॅट मोजणारं यंत्र पुन्हा बंद पडलं. चांगुणाबाईचा नंबर टाकला, पडद्यावरचे आकडे जागच्या जागी गोठले आणि डेअरीतल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

"बघितलंत का मॅडम?" डेअरीची सचिव गौरम्मा म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार कमी आणि समाधान जास्त होतं. "समद्यांचं दूध घेतंय. हिचं आलं की थांबतंय. यंत्र आलं तवापासून रोज ह्येच."

चांगुणाबाई किटली घेऊन दाराशी उभी होती. महिनाभर तिला सगळ्यांच्या मागे थांबवलं जात होतं, आणि तिचं दूध फॅट न मोजताच नुसतं मापाने ओतून घेतलं जात होतं. आता बायकांचं म्हणणं होतं की, रोजची कटकट नको, तिचं नावच कमी करा. गावात दुसरी डेअरी नव्हती.

समीक्षाने लॅपटॉप यंत्राला जोडला. यंत्राचा प्रोग्रॅम तिचा, कंपनी लातूरच्या मृत्युंजय सरांची. सर फोनवरून "जाऊन निस्तरून ये" एवढंच म्हणत. या आठवड्यातलं हे तिचं चौथं गाव. पहाटेची एसटी, उदगीरला गाडी बदलायची, मग देवणी, मग पुढे मिळेल ते. तिचे डोळे चुरचुरत होते.

किटली खाली ठेवता ठेवता चांगुणाबाई हळूच "जय भीम" म्हणाली. समीक्षाने मोठ्याने "जय भीम, मावशी" म्हटलं. त्यानंतर गौरम्माच्या तोंडचं 'मॅडम' गेलं.

दोष सापडायला वेळ लागला नाही. यंत्राची स्मृती म्हणजे ओळीने मांडलेली बारकी घरं. आकडा वाचताना हे यंत्र चार घरं एकदम वाचतं, तेही ठरलेल्या घरापासूनच. आकडा एका घराने जरी सरकला तरी त्याची बोबडी वळते. म्हणून जाणती माणसं मध्ये एखाद-दुसरं घर रिकामं सोडतात. पण मृत्युंजय सरांना रिकामं घर दिसलं की पोटात दुखायचं. चिप स्वस्तातली, घरं मोजकी, म्हणून त्यांनी शेवटचं घरसुद्धा भरायला लावलेलं. आधी सगळ्या सभासद बायका, मग यंत्र सुरू होताना पडद्यावर येणारं वाक्य, आणि त्याच्यामागे, सर्वांत उशिरा सभासद झालेली चांगुणाबाई.

वाक्य मुळात 'किशनराव यांच्या प्रेरणेने' एवढंच होतं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी डेअरीतून फोन गेला होता, चेअरमनसाहेबांच्या नावाआधी 'माननीय' पाहिजे. सरांनी घातलं. त्या एका शब्दाने मागच्या चांगुणाबाईला तिच्या ठरलेल्या जागेवरून ढकललं होतं.

"दूध बरोबर आहे, यंत्रही बरोबर आहे," समीक्षा म्हणाली. "हा 'माननीय' लांब झालाय. त्यानं यांचा आकडा सरकलाय. त्याचं नुसतं 'मा.' केलं की चार-चार घरांच्या हिशोबात बसतं, काम झालं."

"साहेबांच्या नावाला हात लावायचा न्हाई."

"मग यंत्र लातूरला न्यावं लागेल. प्रोग्रॅम बदलायचा तर आठ दिवस जातील."

"यंत्र बी हलणार न्हाई. साहेब इचारतील, मी काय सांगू?" गौरम्माने पदर सावरला. "एका बाईसाठी येवढा खटाटोप कशाला? हिलाच काढ की तिथून. समदं सुतासारखं सरळ हुईल."

समीक्षाला संताप यायला हवा होता. तो आलाही, पण दमून आला. भांडायची ताकद तिच्यात उरली नव्हती. तिने कुणाला न विचारता 'माननीय'मधली अक्षरं एकेक करून खोडली, 'मा.' ठेवलं, आणि यंत्र बंद करून सुरू केलं. पडद्यावर आलं, 'मा. किशनराव यांच्या प्रेरणेने'.

चांगुणाबाईचा नंबर टाकला. थोडं दूध यंत्राखाली धरलं. यंत्र घरघरलं आणि आकडा आला, फॅट सहा पॉइंट नऊ. चिठ्ठी छापून बाहेर पडली.

"बया," रांगेतली एक बाई म्हणाली, "हिचं तर माझ्यापरीस चांगलं निघालं की."

गौरम्मा पडद्याकडे बघत राहिली.

"चांगुणीपायी साहेबांचं माननीय गेलं," ती सावकाश म्हणाली. "सांच्याला साहेब दूध बघायला येतेत. त्यांना मी ह्येच सांगणार."

बायका आपापली भांडी उचलून बाहेर पडल्या. जाताना त्या चांगुणाबाईशी बोलल्या नाहीत. समीक्षाने वायर गुंडाळायला घेतली. आज पहिल्यांदाच एक काम धड झालं असं तिला वाटत होतं, आणि बसायला मिळालं तर ती तिथेच झोपली असती.

चांगुणाबाई तिच्याजवळ आली. फॅटची चिठ्ठी तिने दोन्ही हातांत धरली होती.

"लेकी, ते पहिल्यावानी कर."

"मावशी, मग यंत्र तुमचं दूध घेणार नाही."

"न्हाई घेऊ दे. मापानं घालीन. शेवटी थांबीन."

"तुमची काही चूक नाही यात. चूक आमची आहे, मी लिहून देते."

"ठावं हाय गं माय." चांगुणाबाईने लॅपटॉपचं मिटलेलं झाकण आपल्या हाताने पुन्हा उघडलं. "तू दुपारच्या गाडीनं लातूरला जाशील. मला सांच्याला पुन्हा हितंच यायचंय."