राख लावलेली बोटं

धारवाडहून मानववंशशास्त्राची पदवी घेऊन आलेल्या लेकीला यमनाप्पानं वीजमागाच्या खडखडाटातच विचारलं, “तुझ्या फीत दुसरा माग आला असता. ह्या डिग्रीला पगार किती मिळतोय गं?” आरोहीनं वही उघडली. “ते सांगते, आप्पा. आधी तुम्ही सांगा, आजी हातमागावर नवा धागा कसा जोडायची?” ऐकू जावं म्हणून त्यानं माग बंद केला. दहा वर्षांमागं वारलेली आई बोटांना राख लावून नवा धागा जुन्याशी वळायची, वळताना गुणगुणायची. सांगता सांगता त्याची बोटं रिकाम्या हवेत धागे वळू लागली, ओठांवर तीच गुणगुण आली. आरोही लिहीत राहिली. दुपार कलली, मागावरची साडी अर्धीच राहिली. शेजारची अक्काताई दारातून डोकावली. “सगळ्या वडगावात लाईट हाय की! तुमचाच माग का बंद?” हवेतला धागा न सोडता यमनाप्पा हळूच म्हणाला, “आई आलीया.”