फणसाचा जामीन

रविवारी सकाळी आठ वाजता दत्ताराम परबने फणसाच्या बुंध्यासमोर उभं राहून कोयता उगारला, आणि मुलुंडच्या त्या तीन मजली सोसायटीच्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या.

"औंदा धरतलंस, काय तोडू?" त्याने फणसाला विचारलं.

फणस गप्प. नऊ वर्षं तो गप्पच होता. गावाहून आणलेली आठळी दत्तारामने तळमजल्यावरच्या आपल्या खिडकीबाहेर पुरली होती. तिचं झाड गच्चीला टेकलं, पण फळ एक नाही. त्याने मुळाशी मासळी धुतलेलं पाणी घातलं, मीठ घातलं, शेणखत घातलं, बुंध्याला फाटकी चप्पल बांधली. त्यातून माश्या तेवढ्या आल्या, आणि माश्यांबद्दल सेक्रेटरींची नोटीस.

सेक्रेटरी विद्याधर लेले पहिल्या मजल्यावर राहत. त्यांना झाडाच्या जागी स्कूटर शेड हवी होती. सोसायटीत स्कूटर एकही नव्हती. बुकिंग करून स्कूटरसाठी नंबर लावलेले तिघे होते, त्यातले एक ते स्वतः. झाड तोडायच्या परवानगीसाठी त्यांनी म्युनिसिपालिटीत अर्ज दिला होता. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'झाड निष्फळ'. खाली, दत्ताराम सोडून, सगळ्यांच्या सह्या.

मग राहिला गावचा उपाय. एकाने कोयता उगारायचा. दुसऱ्याने मध्ये पडायचं आणि म्हणायचं, नको तोडू, पुढच्या वर्षी धरेल, मी जामीन. झाड घाबरतं, जामिनाची लाज राखतं आणि फळतं. जामीन मात्र घरातला चालत नाही. दत्ताराम शनिवारभर बावीस बिऱ्हाडं फिरला.

"कागदावर सही केलीय रे मी, तोडा म्हणून," शेजारचा मधुकर म्हणाला. "आता तोंडाने नको म्हणू? बरं दिसतं का ते?"

बाकीच्यांनी एवढंही कारण दिलं नाही.

"अवो, खाली करा तो कोयता," दारातून त्याची बायको सुगंधा म्हणाली. "कोण येनार नाय."

"उगारलो तो उगारलो. आता रिकामो खाली नाय येणार." त्याने फणसाला पुन्हा विचारलं, "धरतलंस, काय तोडू?"

"परब, जरा लवकर करा," वरून कोणीतरी म्हणालं. "शेडला उशीर होतोय!"

"दम झाडाला देतायत! त्यापेक्षा नळाला द्या, पाणी तरी चढेल!"

तिन्ही मजले हसले. दत्तारामने तिसऱ्यांदा विचारलंच नाही. त्याने घाव घातला. पांढरा चीक बुंध्यावरून ओघळला आणि हसणं थांबलं.

"थांब!"

अर्ध्या गालाला साबण, अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल, अशा अवतारात विद्याधर लेले दोन दोन पायऱ्या गाळत खाली आले.

"खबरदार झाडाला हात लावलास तर!"

"तुमाला तर तोडायचाच हाय."

"परवानगी आल्यावर! आधी तोडलंस तर कोर्टात कोण उभं राहणार, तू? अर्जावर नाव माझं आहे!"

"मंजे नको तोडू?"

"नको म्हणतोय ना! मराठी कळत नाही?"

"नि पुढच्या वर्षीपन नाय धरला तर? जबाबदार कोन?"

"मी! या आवारात जे काय होईल आणि होणार नाही, त्याला मी जबाबदार! सेक्रेटरी आहे मी इथला. तुझ्यासारखा उपरा नाही!"

दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी "अगं बाई" म्हणालं.

दत्तारामने कोयता खाली घेतला. बुंध्यावर तळवा टेकला.

"ऐकलंस मां?" तो फणसाला म्हणाला. "जामीन गावलो. पयल्या माळ्यावरचो."

लेल्यांना उमगायला थोडा वेळ लागला. तोवर गालावरचा साबण वाळत आला.

"असल्या भाकडकथा मी मानत नाही," ते म्हणाले. "बी.एस्सी. आहे मी. तेही बॉटनी घेऊन."

"अहो," पहिल्या मजल्यावरून त्यांची बायको क्षमा म्हणाली, "तो अर्ज उद्याच्या उद्या मागे घ्या."

"तू आत जा, क्षमा."

"जाते. पण जामीन राहिलेल्यानेच झाड पाडलं तर ते घराला लागतं म्हणतात. शुभाला सातवा चालू आहे."

तिच्या बाजूला उभी असलेली त्यांची मुलगी शुभा कठड्यापासून मागे सरकली.

"कोण जामीन राहिलंय?" लेले ओरडले. "दत्ताराम, नीट ऐक. मी जामीन नाही! वरच्यांनीही ऐका. मी जामीन नाही!"

"आमाला सांगून काय उपेग?" दत्ताराम म्हणाला. "आमी नाय मानला तुमाला. त्याने मानला. त्याला सांगा."

कोणी हसलं नाही. वाकून बघणारे आणखी वाकले. मधुकर आपल्या खिडकीत स्टूल घेऊन बसला.

लेले फणसाकडे वळले. प्रत्येक वार्षिक सभेत कागदाकडे न बघता चाळीस मिनिटं बोलणारा माणूस. त्यांनी टॉवेल खांद्यावर नीट घेतला. घसा साफ केला. एकदा वर पाहिलं, क्षमा आत गेली नव्हती. पुन्हा समोर पाहिलं.

"लेखी कळवतो," ते फणसाला म्हणाले.