कडेचं प्यादं, मागोमाग हत्ती

"कडेचं प्यादं दोन घरं, मागोमाग हत्ती बाहेर. भरलं!" भूमिकानं कीबोर्डवर बोट आपटलं. "माझेही सगळे डाव झाले, पप्पा."

दिगंबरराव खुर्चीत चुळबुळले. "ते तुझे लहानपणीचे रहने दे ना. माझे राजघाटावरचे घातले, बहोत झाले."

"का म्हणून? घाटावर तुम्ही भल्याभल्यांना पाणी पाजता, आणि माझ्या ह्या चालीपुढे एकदासुद्धा जिंकला नाहीत. हिच्याहून भारी चाल आहे कुठली?"

 

भूमिका कॉम्प्युटरला बुद्धिबळ शिकवत होती. सध्या काम चाललं होतं ओपनिंग बुकचं. डावाची सुरुवात कशी करायची, ते कॉम्प्युटरनं जुन्या डावांवरून ठरवायचं. वडिलांनी आठवून आठवून डाव सांगायचे, तिनं भरायचे, आणि ज्या सुरुवातीनं जास्त डाव जिंकले असतील तीच तो उचलणार. उद्या सकाळी घाटावर, वडिलांबरोबर तिथं रोज पट मांडणाऱ्या यादवकाकांशी त्याचा सामना होता, आणि बाईसाहेबांनी आधीच सगळीकडे बढाया मारून ठेवल्या होत्या.

"चला, एक डाव खेळून बघा याच्याशी."

कॉम्प्युटरनं पहिली चाल केली. कडेचं प्यादं, दोन घरं.

"बघा, बघा! माझीच चाल उचलली पठ्ठ्यानं!" भूमिका बसल्या जागी नाचायला लागली.

दिगंबररावांनी राजापुढचं प्यादं सरकवलं. तिकडून लगेच हत्ती बाहेर आला. आता समोर लेक थोडीच होती? यंत्राची कसली आलीय भीड! हात सवयीनं पुढे गेला आणि त्यांच्या उंटानं तिरकं जाऊन हत्ती गट्टम केला.

भूमिकाचं नाचणं थांबलं. उंटाची वाट तर सताड उघडी होती. शेंबड्या पोरालाही दिसली असती. मग इतकी वर्षं ह्यांनाच कशी दिसली नाही?

"पप्पा."

दिगंबरराव चष्मा पुसायला लागले.

"तुम्ही मुद्दाम हरायचात?"

"तू कित्ती खूश व्हायची," ते मान खाली घालून म्हणाले. "अख्ख्या गल्लीत सांगत फिरायची. मग मी काय करतो, सांग?"

तिला आधी भयंकर राग आला. शाळेत, कॉलेजात, जिथं तिथं मिरवलेली ती चाल! मग त्या खाली घातलेल्या मानेकडे बघून हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. नाक ओढत तिनं आपले सगळे डाव कॉम्प्युटरमधून पुसून टाकले. उद्या यादवकाकांपुढे शोभा नको.

मग तिनं कपाटावरचा पट खाली काढला. "बसा समोर. आणि आता दयामाया दाखवली ना, तर बोलायचीच नाही तुमच्याशी."

दिगंबररावांनी बाह्या सरसावल्या. काय खेळले म्हणता! एक घोडा गेला, दुसरा गेला, वजीर कोपऱ्यात सापडला. पोरगी डोकं खाजवतेय, दात-ओठ खातेय, आणि गालातल्या गालात हसतेय. शेवटी राजाला हलायला घर उरलं नाही.

"आई!" ती किंचाळलीच. "आई, लवकर ये! पप्पांनी मला हरवलं!"

लीलाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी पटाकडे बघितलं, लेकीच्या फुललेल्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि नवऱ्याला म्हणाल्या, "झाली बाई पोरगी मोठी, एकदाची!"