बारीकसारीक

सिमेंटचा कणही न लावता, नुसते दगड रचून अंगणाला भिंत घालायची आणि तीही घरच्यांनीच, असं सासऱ्यांनी फर्मान काढलं. मोठमोठे दगड सासरे आणि नवरोबा मिरवत रचायचे; ते डुगडुगू नयेत म्हणून फटीफटीत कपच्या ठोकता ठोकता सुनेची बोटं मात्र सोलवटून निघाली. भिंत झाल्यापासून सासऱ्यांचं फोनवर एकच पालुपद, "आम्हा बापलेकांची कमाल! सूनबाईंचं आपलं काहीतरी बारीकसारीक."

आज पाहुण्यांपुढेही तेच ऐकवून ते ऐटीत भिंतीला टेकायला निघाले.


चहाचे कप वाटता वाटता सून गोड आवाजात म्हणाली, "जपून हं बाबा, माझं बारीकसारीक मी सकाळीच काढून घेतलंय."