तिसरी ओळ

"जो आजार अजून कोणाला झालेलाच नाही, त्याच्यावर आणखी किती वर्षं खर्च करायचा, मॅडम?"

वित्त विभागाच्या उपसचिवांनी हे शांतपणे विचारलं. ते भांडायला आलेले नव्हते. या प्रयोगशाळेचं सरकारी अनुदान महिनाअखेरीस संपत होतं. ते पुढे चालू ठेवायचं की नाही, याचा शेरा त्यांना लिहायचा होता, आणि डोळ्यांनी पाहिल्याशिवाय शेरा लिहायचा नाही ही त्यांची जुनी खोड होती.

संशोधक बाईंनी उत्तर घोकून ठेवलं होतं. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही, वगैरे. पण त्या तोंड उघडणार एवढ्यात मागून आवाज आला, "बाई, रंग बसलाय. धुऊ का?"

तो रंगारी. इथला सगळ्यांत जुना तंत्रज्ञ. पेशींना रंग चढवायचं काम त्याच्याच हातचं, म्हणून सगळे त्याला रंगारीच म्हणत.

"थांबा. साहेबांनाही बघू दे," बाई म्हणाल्या. "फार काही दिसेल असं नाही, साहेब. आधीच सांगते."

मोरीपाशी प्लास्टिकची एक थाळी होती, तळहातात मावेल एवढी. तिच्यात वाटीसारखे चोवीस खळगे, सहा-सहाच्या चार ओळी, सगळे गडद जांभळ्या पाण्याने भरलेले.

"प्रत्येक वाटीच्या तळाशी जिवंत पेशींचा थर होता," बाई सांगू लागल्या. "यंदा एका गुहेतल्या वटवाघळांत एक नवा विषाणू सापडला. माणसात तो अजून आलेला नाही. पहिल्या ओळीत नुसता तो सोडला. दुसऱ्या ओळीत त्याच्याबरोबर सहा माणसांच्या रक्तातलं पाणी घातलं, लस टोचायच्या आधीचं. तिसऱ्या ओळीत त्याच सहा जणांचं, लस टोचल्यानंतरचं. चौथीत विषाणूच नाही. पेशी वाचल्या तर जांभळा रंग धरतात. विषाणूने खाल्ल्या तर वाटी कोरी."

"लस याच विषाणूची?"

"नाही ना. लस तीन वर्षांपूर्वीची. हा तेव्हा ठाऊकही नव्हता. ती ज्या विषाणूंवर केली, त्यांचा हा लांबचा चुलतभाऊ म्हणा. कधी न पाहिलेला चुलतभाऊ दारात उभा राहिला, तर नुसत्या चेहरेपट्टीवरून ओळखता येतो का, एवढंच बघायचंय. आतल्या बंद खोलीत तीन दिवस ठेवून, सगळं मारून मगच थाळी बाहेर आणलीय. भीती नाही."

तरीही उपसचिवांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

रंगारीने थाळी तिरपी केली. जांभळं पाणी ओघळून गेलं. त्याने नळाची बारीक धार सोडली, थाळी एकदा हलवली आणि पांढऱ्या कागदावर उपडी करून झटकली. मग सुलटी करून उजेडात धरली.

पहिली ओळ कोरी. दुसरी ओळ कोरी.

तिसरी ओळ जांभळी होती. सहाच्या सहा वाट्या, काठापासून काठापर्यंत, कुठे टाचणीएवढंही भोक नाही. चौथ्या ओळीत आणि तिच्यात फरक करता येत नव्हता.

बाईंनी बोटाने ओळी मोजल्या. मग म्हणाल्या, "पुन्हा धुवा."

रंगारीने पुन्हा धुतली. रंग हलला नाही.

"उलटी तर धरली नाहीत?"

"सव्वीस वर्षांत कधी धरली नाही," रंगारी म्हणाला, पण खूण केलेला कोपरा त्यानेही पुन्हा तपासला.

बाईंनी हाताने चाचपून स्टूल ओढलं आणि बसल्या. "हा विषाणू जगात कोणाला भेटलेला नाही, साहेब," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आणि या सहा जणांचं रक्त त्याला ओळखतंय." त्यांनी डोळे पुसले. "अजून दोनदा करून बघावं लागेल. एका थाळीवर विश्वास ठेवायचा नसतो."

"मग रडताय कशाला?"

"रडायला एक पुरते."

उपसचिवांनी चष्मा काढला आणि नाक जवळजवळ टेकेल इतके ते थाळीवर वाकले. पाठीमागे बांधलेले हात केव्हा सुटले, त्यांना कळलं नाही. बराच वेळ ते त्या सहा वाट्यांकडे बघत राहिले.

"कोण आहेत हे सहा जण?"

"आम्हाला सांगत नाहीत. फक्त क्रमांक येतात. लस घेतलेले काही जण आज बाहेर रक्त द्यायला बसलेत, त्यांच्यातले असतील, नसतीलही."

"किती वर्षं मागितलीत तुम्ही?"

"दोन."

"पाच मागा. कापाकापी करायला वर माणसं आहेतच." त्यांनी फाईल तिथेच उघडली, उभ्याउभ्या चार ओळींचा शेरा लिहिला आणि सही केली.

बाहेर पडायची वाट रक्त घ्यायच्या खोलीवरून होती. तासाभरापूर्वी ते याच वाटेने घड्याळात बघत आले होते. आता त्यांचे पाय दाराशीच थांबले. भिंतीलगतच्या बाकावर माणसं बसली होती. मांडीवर हेल्मेट घेतलेला क्रेनचालक. गणवेशातली बस कंडक्टर, कोपराच्या खाचेत कापसाचा बोळा दाबून दुसऱ्या हाताने बिस्किट खाणारी. पंख्याखाली कोणी बसायचं यावरून हळू आवाजात वाद घालणाऱ्या दोघी बहिणी. तोंड उघडं टाकून पेंगणारे एक आजोबा.

कंडक्टर बाईंनी त्यांना घुटमळताना पाहिलं.

"बसा की काका. नंबर यायला वेळ आहे अजून." आणि मग बाकाकडे वळून, "अहो, सरका जरा. जागा द्या काकांना."

सगळे थोडे थोडे सरकले. आजोबाही डोळे न उघडता सरकले.

उपसचिव त्यांच्या मधोमध बसले, कोणाच्याही हाताला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून.